चिपवर रक्तवाहिनी कशी वाढवायची (सिकलसेलसाठी, आणि बुडबुड्यांसकट)

आमच्या लॅबमध्ये नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चिप बनवायला किती दिवस लागतात?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, चिप दोन दिवसांत होते, तिच्यातली रक्तवाहिनी जगवायला शिकायला तीन महिने जातात. दर बॅचला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हे एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांसाठी आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी आहे, ज्यांना सेल कल्चर थोडंफार येतं पण मायक्रोफ्लुइडिक्सला, म्हणजे बारीक वाटांमधून द्रव वाहवण्याच्या तंत्राला, कधी हात लावलेला नाही.

आपण बनवणार काय तर सिलिकॉन रबराचा (याचंच नाव पीडीएमएस) एक पारदर्शक ठोकळा, त्याच्या पोटात केसाएवढ्या उंचीची पोकळ वाट, त्या वाटेच्या आतल्या भिंतींवर माणसाच्या रक्तवाहिनीला आतून जे अस्तर असतं त्या एंडोथेलियल पेशी, आणि त्यातून वाहणारा मीडिया (पेशींचं खाणं असलेला द्रव) किंवा खरं रक्त. बस.

उदाहरण म्हणून सिकलसेल घेते. एक तर तो आपल्याकडचा आजार आहे, गडचिरोली, नंदुरबार, धुळे आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात याचे पेशंट आहेत. दुसरं म्हणजे हा आजार चिपसाठीच बनलाय असं मला वाटतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन बसतं, ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड बनवतात, तांबडी पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्यांमध्ये अडकते. पण फक्त वाकडी पेशी अडकली एवढंच नसतं ते. भिंत किती चिकट झालीय, प्रवाह किती जोरात आहे, ऑक्सिजन किती आहे आणि पेशी किती कडक आहे, या चौघांचं भांडण म्हणजे तो अडथळा. पेशंटच्या शरीरात हे चौघं एकदम बदलतात, उंदरातही तसंच. चिपमध्ये तीन गोष्टी धरून ठेवून चौथी एकटी हलवता येते. अटलांटाच्या विल्बर लॅम यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये अशाच पेशींचं अस्तर लावलेल्या चिपमधून सिकलसेलचं रक्त सोडून अडथळे दाखवले होते, आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात ते कमी होतात हेही.

म्हणून डिझाइन काढायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा, "मला अमुक बदलून तमुक मोजायचंय". ते वाक्य लिहिता येत नसेल तर चिप बनवू नका, आधी चहा प्या.

साचा

सुरुवातीला सरळ चॅनल (म्हणजे ती पोकळ वाट) घ्या, १ मिमी रुंद, १०० मायक्रॉन उंच, २ सेंमी लांब. फांद्या फुटलेलं झाडासारखं डिझाइन पोस्टरवर भारी दिसतं पण पहिल्या चिपला नको, प्रत्येक फांदीत प्रवाह वेगळा होतो आणि मग कुठे काय चाललंय ते तुम्हालाच कळत नाही. सिकलसेलमध्ये पेशी चिकटतात त्या मुख्यतः केशवाहिन्यांच्या पुढच्या छोट्या शिरांमध्ये, म्हणजे खरी जागा दहा-वीस-तीस मायक्रॉनचीच असते, पण ३० मायक्रॉनच्या चॅनलमध्ये पेशींचं अस्तर लावणं हे वेगळंच प्रकरण आहे, ते हात बसल्यावर.

साचा म्हणजे सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) एसयू-८ नावाच्या फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाचा, उंचवटा. त्याला क्लीनरूम लागते. कॉलेजमध्ये नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या नॅनोफॅब सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरता याव्यात म्हणून केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, तिथे अर्ज करा, गाइडची सही आधी घेऊन ठेवा. एवढं नको असेल तर काचेच्या स्लाइडवर पारदर्शक चिकटपट्टीचे थर लावून ब्लेडने कापून पण साचा होतो, कडा थोड्या ओबडधोबड येतात पण शिकायला चालतं. थ्रीडी प्रिंटरचा रेझिनचा साचा पण चालतो, मात्र त्यातलं अर्धवट राहिलेलं रेझिन पीडीएमएसला घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे आयसोप्रोपॅनॉलने नीट धुवा, यूव्हीखाली ठेवा आणि मग ओव्हनमध्ये भाजून काढा.

वेफरला पहिल्यांदा वापरायच्या आधी सिलेनची वाफ द्यायची, डेसिकेटरमध्ये, आणि ते फ्यूम हूडमध्येच. हे विसरलात तर पीडीएमएस वेफरला असं चिकटतं की ओढताना वेफरचे दोन तुकडे होतात. माझे झालेत. त्या वेफरची किंमत गाइडने पुढचं वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये काढली.

पीडीएमएस

सिलगार्ड १८४ हेच बहुतेक सगळीकडे वापरतात. बेस १० भाग, क्युरिंग एजंट १ भाग, वजनाने. अंदाजाने नाही, काट्यावर. मग प्लास्टिकच्या चमच्याने चांगलं पाच मिनिटं फेटायचं, इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा फेस आला पाहिजे, फेस आला नाही म्हणजे नीट मिसळलं नाही. मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा ते एक तास, बुडबुडे वर येऊन फुटतील, मध्ये उतू जाईल असं वाटलं की व्हॅक्यूम सोडा आणि परत लावा, दुधावर लक्ष ठेवतो तसं उभं राहावं लागतं. साच्यावर ५ मिमी जाडीचा थर ओता, ओव्हनची जाळी लेव्हल आहे का बघा, आणि ७० डिग्रीला किमान दोन तास. मी रात्रभर ठेवते, जास्त वेळ ठेवल्याने बिघडत नाही, कमी ठेवल्याने बिघडतं, कच्चं राहिलेलं पीडीएमएस पेशींना मानवत नाही.

आता एक गंमत. लेटेक्सचे हातमोजे घालून काम केलंत तर जिथे बोट लागेल तिथे पीडीएमएस चिकटच राहतं, कारण लेटेक्समधलं सल्फर त्यातल्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला मारतं. आम्ही दोन आठवडे क्युरिंग एजंटची बाटली खराब आली म्हणून डीलरशी भांडत होतो. निळे नायट्राइलचे मोजे वापरा.

घट्ट झालं की ब्लेडने कापून काढा आणि चॅनलच्या दोन्ही टोकांना बायॉप्सी पंचने १ मिमीची भोकं पाडा. चॅनलच्या बाजूने आत, म्हणजे नेमकं टोकावर पडतं. पंच बोथट झाला असेल तर भोकाच्या कडेला बारीक तडे जातात आणि नंतर तिथूनच गळतं. आतला रबराचा दांडा बाहेर आलाय ना ते डोळ्यांनी बघा, निम्म्या "चॅनल ब्लॉक झालं" तक्रारी त्या दांड्याच्याच असतात. मग चिकटपट्टी लावून काढायची, दोन-तीनदा, धूळ निघते.

काचेला चिकटवायला ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला ऑक्सिजन वायू. कव्हरस्लिप आणि पीडीएमएस, दोन्हींचा चिकटणारा पृष्ठभाग वर करून ३० ते ६० सेकंद, बाहेर काढल्यावर एका मिनिटाच्या आत एकमेकांवर टेकवायचं. टेकवायचं, दाबायचं नाही. १ मिमी रुंद आणि १०० मायक्रॉन उंच म्हणजे दहास एक प्रमाण, जोरात दाबलंत तर छत खाली येऊन काचेला चिकटतं आणि कायमचं चिकटतं. मग ८० डिग्रीला अर्धा तास. प्लाझ्मा नीट झाला का हे बघायला शेजारी एक फालतू तुकडा ठेवा, त्यावर पाण्याचा थेंब टाका, थेंब पसरला तर झालं, कमळाच्या पानावरच्यासारखा गोल राहिला तर परत. हा पाणीप्रेमी गुण काही तासांतच कमी होत जातो म्हणून चॅनल लगेच भरून टाका.

बुडबुडे

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझ्या पहिल्या अकरा चिपपैकी आठ बुडबुड्यांनी मारल्या. एवढ्याशा वाटेत हवेचा बुडबुडा सरकत गेला की त्याची कड पेशींवरून खोऱ्यासारखी फिरते आणि मागे स्वच्छ काच उरते. रात्री छान अस्तर बघून घरी गेलात, सकाळी काहीच नाही, आणि तुम्ही पेशींच्या पॅसेजला (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्यात त्या आकड्याला) दोष देत बसता.

पहिलं, चॅनल कोरडं असताना त्यात थेट पाणी किंवा पीबीएस (पेशींना चालणारं खारं बफर) घालू नका, आधी ७० टक्के इथेनॉल घाला. ते कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, हवा सोडून देतं आणि निर्जंतुकही करतं. मग इथेनॉल न सुकवता त्याच्या मागून पीबीएस, भरपूर. दुसरं, जोडताना थेंबाला थेंब भेटला पाहिजे. भोकावर मीडियाचा फुगीर थेंब ठेवायचा, ट्यूबच्या तोंडाशीही थेंब लोंबकळत ठेवायचा आणि दोन थेंब एक झाले की मगच ट्यूब आत. पिपेटने घालताना शेवटचा थेंब ढकलायचा नाही, त्याच्या मागे हवा असते, आणि टिप भोकात असताना अंगठा सोडायचा नाही, नाहीतर केलेलं सगळं परत वर येतं. सोपा उपाय म्हणजे टिप पिपेटपासून सुटी करून भोकातच राहू द्यायची, तीच मीडियाची टाकी होते.

तिसरं कोणी सांगत नाही. फ्रिजमधला मीडिया तसाच लावला तर त्यात विरघळलेली हवा जास्त असते, इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला आला की ती हवा बाहेर पडते, कुठे, तर तुमच्या चॅनलमध्ये. म्हणून मीडिया आधी इन्क्युबेटरमध्ये झाकण सैल करून काही तास ठेवा, किंवा व्हॅक्यूम फिल्टरमधून काढा. आणि तरीही बुडबुडा अडकलाच तर, म्हणजे अजून पेशी घातलेल्या नसताना, पूर्ण चिप पीबीएसमध्ये बुडवून डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूमखाली ठेवा. पीडीएमएस स्वतःच हवा शोषतं आणि सोडतं, व्हॅक्यूम दिलेली चिप नंतर बुडबुडा गिळून टाकते. पंपाच्या वाटेत चिपच्या आधी एक बबल ट्रॅप लावा. विकतचा महाग वाटला तर उभी छोटी सिरिंज मध्ये जोडा, हवा वर राहते, मीडिया खालून जातो.

पेशी

नवशिक्यांसाठी ह्युवेक, म्हणजे बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या पेशी. १९७३ पासून लोक कोलॅजेनेज वापरून त्या काढून वाढवतायत. विकतच्या घ्या. हॉस्पिटलमधून नाळ आणून स्वतः काढायच्या असतील तर आईची लेखी संमती आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, दोन्ही आधी, "नाळ नाहीतरी फेकूनच देतात" हे कारण चालत नाही. पॅसेज ३ ते ५ मधल्या वापरा, त्यापुढे त्या म्हाताऱ्या होत जातात आणि भिंत चिकट होण्याचा प्रतिसाद नीट देत नाहीत.

आधी फायब्रोनेक्टिनचा, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, लेप, ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ डिग्रीला तासभर. मग पेशी किती घालायच्या याचा हिशोब करा, हा सगळ्यांचा चुकतो. आपल्या चॅनलमध्ये मावतं फक्त २ मायक्रोलिटर. तळाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंमी. प्रति चौरस सेंमी एक लाख पेशी हव्यात म्हणजे तळाला २० हजार, आणि त्या २ मायक्रोलिटरमध्ये मावायला हव्यात, म्हणजे प्रति मिली १ कोटी! फ्लास्कमध्ये आपण जे पातळ पाणी ओततो त्याच्या कितीतरी पट घट्ट. सेंट्रिफ्यूज करून अगदी थोड्या मीडियात मिसळा आणि लगेच घाला, पेशी पटकन तळाशी बसतात.

छतालाही अस्तर हवं ना, मग पहिला हप्ता घालून चिप उलटी करून २० ते ३० मिनिटं ठेवा, पेशी छतावर बसतील. मग सरळ करून दुसरा हप्ता. बाजूच्या भिंती आपोआप भरतात. नंतर दोन ते चार तास प्रवाह न देता ठेवा, चिकटू द्या, पण लक्षात घ्या २ मायक्रोलिटर मीडियात चाळीस हजार पेशी म्हणजे एका डब्यात अख्खी वऱ्हाड मंडळी, खाणं लगेच संपतं. म्हणून दोन्ही टिपा मीडियाने भरलेल्या ठेवा, एकीत जास्त एकीत कमी, म्हणजे हळूहळू वाहत राहील. आणि चिप मोठ्या पेट्री डिशमध्ये ओल्या टिश्यूसोबत ठेवा, पीडीएमएसमधून पाण्याची वाफ उडून जाते आणि मीडिया खारट होतो.

प्रवाह

इथे थोडं गणित आहे, घाबरू नका. रुंदी उंचीपेक्षा बरीच जास्त असेल तर भिंतीवरचा घर्षण ताण म्हणजे शिअर स्ट्रेस असा काढतात: ६ गुणिले द्रवाचा चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. चिकटपणा पॉइजमध्ये आणि बाकी सगळं सेंटिमीटर-सेकंदात घ्या, मिमी आणि मायक्रॉनची खिचडी करू नका. ३७ डिग्रीला मीडियाचा चिकटपणा साधारण ०.००७ पॉइज. धमनीसारखा १० डाइन प्रति चौरस सेंमी हवा असेल तर आपल्या चॅनलला मिनिटाला साधारण १४३ मायक्रोलिटर लागतात.

कमी वाटतं? दिवसाचं काढा. २०६ मिली! एंडोथेलियल मीडियाची बाटली ५०० मिलीची येते आणि तिची किंमत मी इथे लिहित नाही, पगाराची आठवण होते. म्हणून एक तर पेरिस्टाल्टिक पंपाने तोच मीडिया फिरवत ठेवा, किंवा चॅनलची उंची कमी करा. सूत्रात उंचीचा वर्ग आहे, ५० मायक्रॉन केलीत तर चौथाईत भागतं, दिवसाला ५० मिलीच्या आसपास. आणि सिकलसेलसाठी तर धमनीचा ताण नकोच आहे, छोट्या शिरांमध्ये तो कमी असतो, १ ते २ डाइनवर काम केलंत तर आपल्या मूळ चॅनललाही २० ते ४० मिलीत दिवस निघतो. हे मी पहिल्या वर्षी १० डाइनवर करत बसले होते, का तर वाचलेल्या पेपरमध्ये १० होता, आणि तो पेपर धमनीचा होता.

प्रवाह एकदम पूर्ण द्यायचा नाही. अर्ध्या डाइनपासून सुरू करून काही तासांनी वाढवत वाढवत बारा तासांत हव्या त्या आकड्यावर. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली गोट्यांची फरशी घातल्यासारखं सलग अस्तर दिसलं पाहिजे. १० डाइनवर एक-दोन दिवसांत पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, १-२ वर मात्र तसं फारसं होत नाही, त्यामुळे त्या रांगेत लागल्या नाहीत म्हणून रडू नका. एक चिप बळी देऊन व्हीई-कॅडहेरिनचं (शेजारच्या पेशी एकमेकींना धरतात त्या प्रथिनाचं) स्टेनिंग करा, पेशींच्या सीमेवर सलग रेघ दिसायला हवी, तुटक तुटक असेल तर अस्तर गळकं आहे. फिक्स करायचं द्रावणही हळूच सोडा, इतकं करून शेवटी त्याच जोराने पेशी वाहून गेलेल्या मी पाहिल्यात.

आजार आणायचा

भिंत चिकट करायला टीएनएफ-अल्फा हा सूज आणणारा रेणू, १० नॅनोग्रॅम प्रति मिली, ४ ते ६ तास. याने पेशींवर ई-सिलेक्टिन, व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ असे चिकटवणारे रेणू वर येतात. शेजारी तशीच एक चिप टीएनएफ न दिलेली, त्याच दिवशीची, त्याच पेशींची.

रक्ताबद्दल. एथिक्सची परवानगी, संमती, हेपॅटायटिस बीची लस, बायोसेफ्टी लेव्हल २ ची शिस्त, यात काही तडजोड नाही, आणि पेशंटला सुई टोचायची ती हॉस्पिटलमध्ये जेव्हा नाहीतरी टोचणार आहेत तेव्हाच, सिकलसेलच्या पोरांना आधीच भरपूर टोचून झालेलं असतं. सुरुवातीला अख्खं रक्त नको. ट्यूबमधलं ईडीटीए किंवा सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं आणि चिकटण्याच्या कितीतरी क्रियांना कॅल्शियम लागतं, कॅल्शियम परत घातलंत तर रक्त गोठतं. म्हणून आधी तांबड्या पेशी धुवून कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये घ्या, ते जमलं की मग रक्तातला प्लाझ्मा, पांढऱ्या पेशी वगैरे एकेक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अडथळा मोजायचा असेल तर सिरिंज पंप वापरू नका. सिरिंज पंप हट्टी असतो, समोर कितीही अडलं तरी ठरलेला प्रवाह ढकलत राहतो, दाब वाढत जातो आणि एक तर अडकलेल्या पेशी जबरदस्तीने पुढे जातात किंवा ट्यूब उडून रक्त छताला लागतं. शरीरात असं होत नाही, तिथे साधारण दाब कायम असतो आणि अडलं की त्या वाटेचा प्रवाहच थांबतो. म्हणून साधी उंचीवर ठेवलेली टाकी वापरा, सलाइनची बाटली टांगतात तशी. याचा दुसरा फायदा मला फार उशिरा कळला. दाब ठरलेला असला की भिंतीवरचा ताण म्हणजे दाबातला फरक गुणिले चॅनलची उंची, भागिले लांबीची दुप्पट. यात चिकटपणा येतच नाही! सिकलसेलच्या रक्ताचा चिकटपणा ऑक्सिजनप्रमाणे बदलतो, तो किती धरायचा हा वादच संपला. आपल्या चॅनलला १० डाइनला साधारण ४ सेंमी पाण्याची उंची लागते, दीड डाइनला फक्त ६ मिमी. त्यामुळे टेबल हलवू नका, आणि ट्यूब रुंद आणि आखूड ठेवा, नाहीतर अर्धा दाब ट्यूबच खाऊन टाकेल. दोन्ही टाक्यांचं तोंड रुंद असलं की पातळी पटकन बदलत नाही.

ऑक्सिजन काढायला पीडीएमएसचाच दुर्गुण कामाला येतो, त्यातून वायू आरपार जातात. रक्ताच्या चॅनलवर पातळ पडदा ठेवून वर दुसरं चॅनल करा आणि त्यातून ९५ टक्के नायट्रोजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडा. निव्वळ नायट्रोजन सोडलात तर मीडियाचा पीएच बिघडतो. वायू आधी पाण्यातून बुडबुडत आणा म्हणजे चॅनल सुकणार नाही. मग व्हिडिओ घ्या, ऑक्सिजन असताना, काढल्यावर, परत दिल्यावर. किती पेशी चिकटल्या, वेग किती पडला, पूर्ण थांबायला किती वेळ लागला. सुटतात का, हेही बघा, ते बरेच जण मोजत नाहीत.

हायड्रॉक्सीयुरियाचा परिणाम बघायचाय असं दर दुसरा विद्यार्थी म्हणतो आणि बाटली उघडून औषध थेट चिपमध्ये टाकायला निघतो. अरे बाबांनो, ते औषध मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून काम करतं, त्याला अस्थिमज्जा लागते आणि आठवडे-महिने लागतात, चिपमध्ये अस्थिमज्जा नाहीये. त्यासाठी औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या पेशंटचं रक्त घ्यावं लागतं. जी औषधं थेट चिकटण्यावर काम करतात ती चिपमध्ये घालून बघता येतात, पण ती तेलप्रेमी रेणू असतील तर पीडीएमएस ती शोषून घेतं आणि तुम्ही घातलेला डोस पेशींपर्यंत पोचतच नाही. बाहेर आलेल्या मीडियात औषध किती उरलं ते मोजा.

आणि मोजणीत एक लबाडी सगळीकडे चालते, एकाच पेशंटच्या रक्ताच्या सहा चिप चालवायच्या आणि सहा सॅम्पल लिहायचे. ते एकच सॅम्पल आहे, सहा वेळा मोजलेलं.

गोल वाहिनी हवी असेल तर

चौकोनी चॅनलच्या कोपऱ्यांत प्रवाह मंद असतो आणि खाली काच म्हणजे दगड, खरी वाहिनी मऊ मांसात असते. पेशींचं अस्तर किती गळतं हे बघायचं असेल, डेंगीचं असो वा सूज असो, तर कोलॅजेनमधली गोल वाहिनी करा. पीडीएमएसमध्ये छोटी खोली करायची, तिच्या आरपार १६० मायक्रॉनची अॅक्युपंक्चरची सुई घालायची, खोलीत उंदराच्या शेपटीचं कोलॅजेन-१ भरायचं, अडीच मिलिग्रॅम प्रति मिली, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच जुळवून, आणि हे सगळं बर्फावर, कारण गरम झालं की हातातच जेल होतं. भरायच्या आधी खोलीच्या भिंतींना पॉलिलायसिन आणि ग्लुटाराल्डिहाइड लावून भरपूर धुवायचं, नाहीतर जेल भिंत सोडतं आणि सगळं कडेने वाहतं. सुईला आधी अल्ब्युमिनच्या द्रावणात बुडवून घ्या. ३७ डिग्रीला अर्धा-पाऊण तास, मग वर मीडिया घालून रात्रभर ठेवा.

सुई काढायची ती दुसऱ्या दिवशी, मीडियाने ओली असताना, एकाच दिशेने, न थांबता आणि अगदी सावकाश, मेंदी काढणारी पोरगी कोन उचलते तसा हात. मध्ये थांबलात की जेल तिथे फाटतं. आम्ही त्या वेळी लॅबमध्ये मोबाइल सायलेंट करायला लावतो सगळ्यांना.